निंदणाच्या पातीतलं गाणं

माय,

काल पुन्हा माझी मुलाखत झाली. पुण्यात, भरल्या सभागृहात, खांद्यावर शाल घालून. या मुलाखतींचा मला आता वीट आलाय. गाणाऱ्यांना सगळीकडे तेच विचारतात आणि आम्हीही तेच सांगतो, की गुरूंनी आवाज ऐकला, डोक्यावर हात ठेवला आणि आयुष्याचं सोनं झालं. मीही चाळीस वर्षं हेच दळण दळलं. तुझ्यापुढे मात्र ते चालायचं नाही, कारण खरं काय ते तुला ठाऊक आहे.

शेलूबाजारच्या अलीकडे आपलं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला ते पऱ्हाटीचं, कपाशीचं वावर. मी दहा वर्षांची असेन. बाया ओळीनं निंदायला बसल्यात, प्रत्येकीच्या वाट्याला एक पात. तू मधल्या पातीवर. तू एक ओळ म्हणायचीस, बाकीच्या ती झेलायच्या, आणि त्या तालावर सगळ्यांची खुरपी चालायची. गाणं जलद तर निंदण जलद, म्हणून वावरवाला सगळ्यांच्या आधी तुलाच बोलावणं धाडायचा. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची पात मिळाली होती. अंगात वारं शिरल्यासारखं तुझ्या तोंडची ओळ उचलून मी गाणं पळवलं आणि बायाही हसत हसत माझ्यामागे धावल्या. तेवढ्यात तू कडाडलीस, "काहून पळून राह्यली व? मांगं पाय जरा!" मागे पाहिलं तर काकू. सातवा महिना, एक हात भुईला टेकलेला, घामानं डबडबलेली, आमच्यापासून चांगली दहा हात मागे. "गानं पुढं गेलं अन् बाई मांगं राह्यली, तं ते गानं कोनाच्या कामाचं?" मग तू तीच ओळ पुन्हा धरलीस. अशी सावकाश, एकेका शब्दावर रेंगाळत, की काकू हळूहळू आमच्या बरोबरीला आली. काम मंदावलंय हे धुऱ्याच्या बांधावर उभ्या असलेल्या वावरवाल्याला कळलंसुद्धा नाही.

पुढे शिकायला नागपूरला गेले, वसतिगृहात राहिले, गुरुजींकडे गाणं सुरू झालं. चार महिन्यांत एकदा माझं गाणं मधेच थांबवून ते म्हणाले, "ही संथ लय तुला कोणी दिली? ही शिकवून येत नाही." मला तेव्हाच बोलता आलं असतं. पण समोर बसलेल्या मुलींपैकी कोणाचे वडील पेटी वाजवायचे, कोणाची आजी भजनं म्हणायची. माझी माय दुसऱ्याच्या वावरात निंदते, हे तोंडातून निघेना. "आपलीच कृपा," म्हटलं मी, आणि गुरुजी प्रसन्न हसले.

मग आली रेडिओवरची ती मुलाखत. दुपारचा, बायकांचा कार्यक्रम. मीच तुला कार्ड टाकलं होतं, की अमुक दिवशी दोन वाजता नक्की ऐक. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी फार मायेनं विचारलं, "घरात गाण्याचं वातावरण होतं का?" आणि मी फटकन बोलून गेले, "छे हो, आमच्याकडे गाणं कोणालाच येत नव्हतं. जे काही आहे ते गुरुजींचं." लाज वाटली माये मला. गरिबीची वाटली असती तर एकवेळ चाललं असतं, पण मला तुझी लाज वाटली.

सुट्टीत घरी आले तेव्हा तू पाण्याला गेली होतीस. काकूनं मला दारातच धरलं. "तुह्या मायनं मास्तरचा रेडिओ मांगून वावरात आनला होता. बाभळीखाली ठेवला. आमी साऱ्या पात सोडून बसलो. अन् तू असं बोलली! मले तं लय राग आला. मी म्हनलं, काय व, तुह्या पोरीनं तुले पारच पुसून टाकलं. तं तुही माय म्हनते, खरंच तं सांगतलं तिनं. मले कुठं गानं येते? मी तं निस्ती पात चालवत होती." काकूनं पाण्याच्या वाटेकडे पाहून घेतलं. "मंग उठली अन् निंदाले बसली. तवापासून एक ओळ म्हनली नाही तिनं."

तू घागर घेऊन आलीस. भाकर वाढलीस, वर ठेचा. एवढंच म्हणालीस, "आवाज साजरा आला व तुहा रेडिओत." माझं चुकलं, हे दोन शब्द ओठाशी आले होते. मी भाकरीबरोबर ते गिळले. दोन वर्षांनी तू गेलीस.

काल त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि मी एकदाचं सगळं सांगून टाकलं. वावर, पात, काकू, रेडिओ, सगळं. मग कोणीतरी म्हणालं, "ते गाणं ऐकवा ना." माये, पहिली ओळ आली आणि दुसरी येईचना. काकूही आता नाही, विचारणार कोणाला? समोर हजार माणसं. मी तिथल्या तिथे चार वऱ्हाडी शब्द जुळवले आणि तुझं म्हणून गायले. लोकांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या. आधी तुझं होतं ते मी नाही म्हणाले, आता नव्हतं ते तुझं म्हणाले. लय तेवढी तुझी होती, ती हलली नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? तंबोऱ्याच्या गवसणीत ठेवून देते. आणि कालपासून जे कोणाला सांगितलं नाही ते तुला सांगते. ती पहिली ओळ तरी तुझी होती की नाही, याची आता मला खात्री नाही.