लुंबिनीचे गाल

आत्याबाई, जयभीम.

काल व्हिडिओ कॉलवर लुंबिनीचे गाल बघून तुम्ही अख्ख्या कंधारला सांगितलं, "माझ्या खारकेच्या पुडीनं नात भरली!" मी हाव म्हणाले. ते खोटं होतं.

कांजण्यांच्या खपल्या पडल्या आणि तिच्या नडग्यांवर जांभळे ठिपके उठले, हिरड्यांतून रक्त आलं. तुम्ही फोनवर बजावलं, "अंगावर आलेलं आपसूक जातंय, सुई-गोळी लावू नका." मी तिला तडक लातूरला नेलं. दीड लाखाच्या जागी नऊ हजार प्लेटलेट निघाल्या. त्या वाढवायला स्टिरॉइड लागतं, पण कांजण्यांत ते लई जपून देतात, म्हणून अंगावर एकही ओला फोड नाही हे डॉक्टरांनी आधी बघितलं, मग गोळ्या लिहिल्या. सही मी केली. तुमच्या लेकाला नंतर सांगितलं. आज प्लेटलेट लाखाच्या वर हायत.

गाल त्या गोळ्यांनी फुगलेत, आत्याबाई. पुडी मीच खाल्ली. चांगली होती.

हे पत्र मी टाकणार नाही. गोळ्या सुटल्या की गाल उतरतील, तेव्हा तुम्ही म्हणाल, "सुनेनं पोरगी वाळवली."

म्हणा. मी तेव्हाही हाव म्हणीन.

तुमची सून,
धम्मप्रिया