कोनाच्या घरचा?

साक्षीताई,

सप्रेम जयभीम. मी मजेत आहे. आईले सांग, दोन्ही वेळा पोटभर जेवतो.

तीन दिवस मानोऱ्याकडच्या जंगलात सायकल चालवून राह्यलो. रस्ता मुरमाचा, मोटारगाडी एकही नाही. सागाच्या वाळक्या पानांवरून चाक गेलं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. चरणारे रोही थबकून पाहतात. मी त्यांना पल्लवीबद्दल सांगतो; तुझ्यापेक्षा जास्त ऐकून घेतात.

कॉलेज सोडलं त्या दिवशी रागात मी बाबांना म्हटलं होतं, "तुमचं नाव आता कुठंच सांगणार नाही." पण इथं वाटेवरच्या कोणत्याही घरी पाणी मागितलं की पहिला सवाल, "कोनाच्या घरचा रे तू?" पहिल्या दिवशी मी ऐटीत म्हटलं, "कोनाचाच नाही."

त्या घरची म्हातारी म्हणे, "मंग झाडाले लागला होता काय?" अन् भरलेला तांब्या घेऊन आत गेली.

तेव्हापासून 'किन्हीराजा गावच्या देवमन गुरुजींचा' सांगतो. काल एकानं तर नाव ऐकून पिठलं-भाकर वाढली. त्याले बाबांनी शिकवलं होतं.

बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना? माझं काही बोलतात का? अन् पल्लवी काही विचारते का गं? नसेल विचारत तर राहू दे, सांगू नको.

बाबांना मात्र खालची सही दाखव.

तुझा भाऊ,
उत्कर्ष देवमन अंभोरे