काचेबाहेरची आई

प्रिय चिमे,

तुझी कोरोनाची सलग दुसरी चाचणीही निगेटिव्ह आली, हे जावईबापूंनी रस्त्यावरूनच ओरडून सांगितलं तेव्हा मी एक शिलाई मशीन उघडून बसलो होतो. हातातला स्क्रू कुठे उडाला, अजून सापडत नाही. न सापडू दे मेला.

तुझा ताप गेला, खोकला गेला, चार घास पोटात जाऊ लागले, तरी डॉक्टरीणबाई बाळाला भेटू देईनात. मला रागच आला होता. मग त्यांनी समोर बसवून समजावलं. धडधाकट माणसाच्या श्वासातून हा विषाणू बहुधा आठ-दहा दिवसांत बाहेर पडायचा थांबतो. पण नवं मूत्रपिंड अंगाने नाकारू नये म्हणून तू ज्या गोळ्या घेतेस, त्या अंगातल्या पहारेकऱ्यालाच पेंगुळवतात. मग तो आगंतुक महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो. मी म्हटलं, म्हणजे मशीन झकास चालतंय, पण तेल गळतंय. त्या हसल्या. म्हणाल्या, तसंच काका, आणि जन्मापासून छातीने नाजूक असलेली तुमची नात त्या तेलाखाली नको.

माझ्याकडे आली तेव्हा ती नुसती पालथी पडायची. आता टेबल धरून चालते, दोऱ्याच्या रिकाम्या बॉबिनी दुकानभर घरंगळवते. तू रोज संध्याकाळी मास्क लावून दुकानाच्या काचेबाहेर उभी राहायचीस आणि ती हात हलवायची. चिमे, ती पोस्टमनलाही हलवते, समोरच्या कुत्र्यालाही. हे तुला सांगायची जीभ रेटली नाही. जाताना तू काचेला तळवा टेकायचीस. सकाळी काच पुसताना तेवढी जागा मी सोडून द्यायचो.

आणि तिला बोलता येतं. फोनवर तिचा आवाज ऐकव म्हणालीस की मी थापा मारायचो, झोपलीय, किरकिरतेय. तिला एकच शब्द येतो. तिला कडेवर घेऊन, काचेकडे बोट दाखवून, मीच रोज घोकायचो, आई बघ, आई. पोरीने काच सोडली आणि घोकणाऱ्याला धरलं. मिशांसकट मला आई म्हणते! शेजारच्या वहिनी म्हणतात, काका, आता मिशा तरी उतरवा, शोभत नाहीत. मीही खो खो हसतो. मग आत जाऊन तोंड धुतो.

म्हणून हे पत्र. तोंडाने सांगायला गेलो असतो तर अर्ध्यात अडकलो असतो. उद्या तू तिला न्यायला येशील तेव्हा मी नसेन, सकाळीच तुझ्या आत्याकडे जातोय. बाळ वहिनींपाशी असेल, किल्लीही त्यांच्याकडेच. मी समोर असलो तर ती माझा सदरा सोडायची नाही, आणि माझ्याच्याने तो सोडवायचा नाही. ती रडेल, मशीनखाली, पडद्यामागे मला शोधेल. मन खट्टू करून घेऊ नकोस, आणि मला फोन तर मुळीच करू नकोस, मी धावत येईन. आई, आई करत ती घरभर फिरेल. ती हाक मी नुसती सांभाळून ठेवली होती, पोरी. तू ओ दे.

तुझाच,
बाबा