बाबांच्या ताटावरची पैज

३ मार्च
भाऊजींनी आज बाबांच्या ताटातला ब्रेड उचलून सरळ कचऱ्यात टाकला! बाबांची बोटं सुजलीत. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेली बोटं, आता शर्टाचं बटण लागत नाही. आणि या शहाण्याचं निदान काय? "पिठानं अंगात आग होते, वहिनी. नुसतं लोणी, अंडी, चीज द्या." टायर विकतात हे गृहस्थ. दोन व्हिडिओ बघितले की झाले वैद्य!

वन्सं लगेच उसळल्या. "लोणी? मारायचंय का बाबांना? तेलाचा थेंब नको, फळांचा रस द्या." रस म्हणजे पेलाभर साखरच की! यांनी पेपरात तोंड खुपसलं, नेहमीसारखं. बाबा रिकाम्या ताटाकडे बघत बसले.

४ मार्च
एकोणीस वर्षं लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतेय, पण मला विचारतंय कोण? मैदा-साखर भारंभार खाल्ली तरी सूज वाढते, लोणी-चीज हाणलं तरी वाढते. कोंड्यासकट धान्य, मासे, भाज्या, तेल बेतानं. एवढं साधं या भावंडांच्या डोक्यात शिरेल तर शपथ! आणि जेवणानं रक्तातला आकडा हलतो तो थोडासा, तोही सावकाश.

शेवटी मीच पैज लावली. सकाळचं ताट भाऊजींचं, संध्याकाळचं वन्संचं. सहा आठवड्यांनी मी सीआरपी करणार — रक्तातून सूज मोजायची तपासणी. आकडा चढाच निघेल, आणि दोघांची तोंडं एकदम बंद!

२१ मार्च
बाबांचं वजन चार किलोंनी उतरलं. श्रेय लोण्याचं की रसाचं, यावर तासभर जुंपली. कीव येते दोघांच्या अकलेची.

२ एप्रिल
बाबा हळूच म्हणाले, "सूनबाई, संध्याकाळी कणकण वाटते गं. रक्त बघतेस का जरा?"

म्हटलं, बाबा, बाराच दिवस राहिलेत. आत्ता तपासलं तर दोघं म्हणतील, पुरता वेळच दिला नाही! तापाची गोळी दिली. "बरं," म्हणाले. त्या दोघांचे वडील आहेत यावर विश्वास बसत नाही.

९ एप्रिल
वन्सं म्हणे बाबांचा चेहरा "उजळलाय". पांढरा पडलाय, बाई!

१४ एप्रिल
काढलं रक्त. शीर सापडेना, तीनदा टोचावं लागलं. भाऊजींचं आपलं चालूच — "वहिनी, आकडा कमी निघाला की जेवण तुमच्याकडून!" उद्या जिरवते एकेकाची.

१५ एप्रिल
एकशे अठरा. दहाच्या आत हवा होता.

मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा लावलं. एकशे एकवीस. हे लोण्याचं नाही. रसाचंही नाही. जेवणानं एवढा चढतच नाही.

१७ एप्रिल
बाबा हॉस्पिटलमध्ये. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग. बोटं, कणकण, उतरलेलं वजन, सगळं त्याचंच. महिनाभर आधी आणलं असतं तर झडप वाचली असती, डॉक्टर म्हणाले. भाऊजी आणि वन्सं बाहेर एका बाकावर रडत बसलेत. मग ते माझ्याकडे वळले, "तुम्ही लॅबमध्ये असता ना? मग दीड महिना रक्त का नाही बघितलं?"

त्या दोघांना बिचाऱ्यांना कळत नव्हतं. मला — मला त्यांची जिरवायची होती.