अंगात आलेली गोळी

गुरुवार, २८ जानेवारी १९८२

डॉक्टरनं सांगितलंय — गोळी कधी घेतली, हात कधी थांबला, पाय कधी अडला, सगळं लिहून ठेवा. मला अक्षर येत नाही म्हटलं, तर म्हणतो, "सुनेला सांगा." म्हणजे सासूच्या मनातलं सगळं आता सुनेच्या हातात! विमल म्हणते, "आत्याबाई, मी नुसती लिहिते. वाचत न्हाई." लिहिताना डोळे काय फडताळात ठेवतेस व्हय गं? हेही लिही.

तर — सकाळी आठला गोळी. दहा वाजले तरी हात चाळण हलवल्यासारखा. उंबऱ्यापाशी पाव तास उभी, पाय उचलेचना. गोठ्यातल्या म्हशीनंसुद्धा मान वळवून बघितलं. शाहूपुरीतला एवढा नामांकित डॉक्टर, भिंतीवर पदव्यांच्या चार चौकटी, आणि गोळी ही असली! रोगाचं नाव इंग्रजी. ते त्याच्यापाशीच राहू दे. आम्ही कंपवात म्हणतो.

शनिवार, ३० जानेवारी

तीच रड. हंबीरराव, माझा लेक, धार काढून पेलाभर गरम दूध आणतो, गोळी हातावर ठेवतो, आणि गिळेपर्यंत समोर उभा. एकदा विमल पाणी घेऊन आली तर केवढा खेकसला तिच्यावर — "पाण्यासंगं औषध? माझी आई सावत्र हाय व्हय?" या घरात सर्दीची पुडीसुद्धा दुधातूनच जाते. अभिमान काय तो म्हशींचा!

समोरच्या चिमणाबाईचा नवरा पिराजी. त्याला हाच रोग, हाच डॉक्टर, हीच गोळी — दोन वर्षं झाली. तो मात्र सदऱ्याची बटणं आपली आपण लावून पानपट्टीपर्यंत जाऊन येतो! घरात म्हैस नाही, कोरा चहा पितो बिचारा. मी म्हटलं, "पिराजी, तुझी गोळी येगळी दिसतीया. बदली करूया." हसला. त्याचं तोंड हसत नाही आता, खांदे हसतात.

मंगळवार, २ फेब्रुवारी

हंबीरराव धारेला बसला होता. दूध यायच्या आत, उपाशी पोटी, पाण्याबरोबर तीन गोळ्या गिळल्या. एकीला जमत नाही तर तिघी मिळून करतील!

बुधवार, ३ फेब्रुवारी

विमल कालपासून पदरात तोंड घालून हसते आहे. हस बाई.

काल गोळ्या घेतल्या आणि तासाभरात अंग सुटलं. कसलं सुटलं — उधळलं! मान डावीकडं, खांदा उजवीकडं, बसल्या जागी पाय नाचतायत. आवरू म्हटलं तर जास्तच. आणि कोपऱ्यात माझी जाऊ सुपारी कातरत बसलेली. जाऊन सहा वर्षं झाली तिला. मी विचारलं, "तू मेलीस न्हवं?" झालं! चिमणाबाई ताक न्यायला आली होती. तिच्या हातातला तांब्या पडला. "बयाक्काच्या अंगात आलं!"

मंगळवार, न्हालेली, केस मोकळे. आणखी काय पाहिजे? घटकेत अंगण भरलं. हळद, कुंकू, नारळ. परवापर्यंत पाठीमागं मला 'लटलटी' म्हणणाऱ्या बाया पायावर! एकीनं विचारलं, "सुनेला दिवस कधी जातील?" म्हटलं, "आधी लेकाला घरात झोपव." शहाणीनं मान डोलावली.

मग चिमणाबाई सरकली. "आई, ह्यांच्या गोळ्या चालू ठेवू, का बंद करू?" माझा जीव त्या गोळ्यांना आधीच विटलेला. ओरडले, "टाक उकिरड्यात!" काय तो आवाज! माझीच मी दचकले.

कसल्या या बाया! म्हातारीला बरं वाटतंय का, एकीनं विचारलं नाही.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

अंग परत लाकूड. नारळ मात्र नऊ. विमलला म्हटलं, वड्या कर.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

हंबीररावनं डॉक्टरकडं नेलं. विमलनं दुसरी वही — वेळांची — पुढं केली. डॉक्टरनं कपाळावर हात मारला. "आजी, दूध आणि गोळी आत जायची वाट एकच. पेलाभर दूध पुढं घुसतं, गोळी मागं राहते. अर्धा तास आधी घ्या, पाण्याबरोबर. दूध, मटण नंतर." हंबीरराव जमिनीकडं बघत बसला. दोन महिने सावत्र लेकासारखा वागला की!

तीन गोळ्यांचं ऐकून मात्र डॉक्टर चिडला. जादा झाली की अंग असंच नाचतं, मेलेली माणसंही दिसतात म्हणे. "मनानं वाढवायची नाही. आणि मनानं बंद तर मुळीच करायची नाही. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी एकदम तोडली तर माणूस कडक होतो, ताप चढतो. जिवावर बेततं."

माझं हसू तिथंच विझलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार.

रिक्षा थेट चिमणाबाईच्या दारात थांबवली. पिराजी अंथरुणावर. फळीसारखा. अंग तापलेलं, घोट गिळता येत नाही. डोळे तेवढे माझ्याकडं वळले.

सगळं सांगितलं. तीन गोळ्या, दूध, जाऊ, सगळं. "चिमणे, ती देवी नव्हती गं. माझं आगाऊ तोंड होतं. चल, रिक्षा उभी हाय."

चिमणाबाई शांत. "देवी निघून गेल्यावर, जिच्या अंगात आली त्या झाडाला काय आठवतंय, बयाक्का? आता तुम्ही नुसत्या बयाक्का. तिचा शब्द मी तुमच्या शब्दानं मोडू?"

हंबीरराव चढ्या आवाजात बोलला. तिनं दार लावून घेतलं.

शनिवार, ६ फेब्रुवारी

सकाळी आठला एकच गोळी, पाण्याबरोबर. नऊ वाजता हात थांबला, पाय मोकळे. मग केस सोडले, कपाळभर हळद लावली, चालत चिमणाबाईच्या दारात गेले आणि घुमायला लागले. गल्ली जमली. ओरडले — "याला आत्ता डॉक्टरकडं ने! गोळी वेळेवर दे! मंगळवारचा शब्द मी परत घेते!"

दार उघडलं. पिराजीला चौघांनी रिक्षात घातला. संध्याकाळ झाली, निरोप नाही.

विमल, लिही. अंगात काही आलं नव्हतं. पण मनातून ओरडत होते ती देवीलाच — वाचव गं त्याला.