ताऱ्यांच्या कॅमेऱ्याले माझी चादर

१४ ऑक्टोबर १९८७
श्रीधर बंगलोरहून दिवाळीले आला. माझा नातू ताऱ्यांचा कॅमेरा बनवून राहिला आहे. त्यात फिल्मच नाही म्हणे. तळहाताएवढी चकती, तिच्यावर लाखो बारीक घरं, न् एकेक घर उजेड मोजते. कोणता तारा किती उजळ ते त्यावरून समजते. मले पटकन समजलं. शोभाले, म्हणजे सुनेले, दोनदा सांगावं लागलं.
काही घरं सुस्त निघतात. म्हणून आधी कॅमेऱ्याले साधं पांढरं कापड दाखवायचं, सुस्त घरं ओळखायची न् मग ताऱ्यांकडे वळायचं. तसं मोठं कापड त्याले पाहिजे. शोभा लगेच म्हणते, माझ्या आईकडे मादरपाट आहे.
आजपासून विहीणबाईंबद्दल मनात वाकडं आणायचं नाही.

१५ ऑक्टोबर
वाकडं आणलं. एकदाच. मागल्या वर्षी त्यांचा चिवडा डबा भरून बंगलोरले गेला, माझा इथंच संपला. पेटीतली कोरी डबल चादर काढली.

१६ ऑक्टोबर, दुपारी
चादर तीनदा धुतली. खळ घातली. नीळ जरा सढळ हातानं दिली. श्रीधर म्हणत होता, कापडाले काही करू नको. पोरांले धुण्यातलं काय समजते! गच्चीवर अशी चमकून राहिली की शेजारच्या पार्वतीबाईंनी विचारलं, काय कार्यक्रम आहे? म्हटलं, आता तारे माझ्या चादरीवरून मोजतील. गल्लीभर झालं.

१८ ऑक्टोबर
विहीणबाई लकडगंजहून रिक्षानं मादरपाट घेऊन आल्या. पिवळट, इस्त्रीसुद्धा नाही. कीव आली. चहा दुसऱ्यांदा विचारला. म्हटलं, "घाईत निघाल्या वाटते, धुवायले वेळ नाही मिळाला?"
तर म्हणतात, "श्रीधरनं सांगितलं तेवढंच केलं, बाई."
तोंड पहा.

१९ ऑक्टोबर
अंगणात दोन्ही कापडं टांगली. श्रीधरनं उजेड मोजायचं मीटर लावलं, पुढं लाल काच धरली. मग माझ्याकडे पाहिलं.
"आजी, नीळ घातली का वं?"
म्हटलं, थोडीशी.
लाल उजेडात माझी चादर मंद पडते, न् खळीमुळं मधेच चमकते, म्हणाला. "कापडाची चूक कॅमेरा आपल्या घरांवर घेईल. चांगल्या घरालेच सुस्त म्हणेल."
सोडा टाकून संध्याकाळपर्यंत उकळली. नीळ हलेना. हे ओसरीवरून म्हणतात, तारे इतके दिवस बिनचादरीचे चाललेच होते ना.

२६ ऑक्टोबर
श्रीधर गेला. दुर्बिणीच्या घुमटात मादरपाटच टांगणार. पण माझी चादरही गेली! पार्वतीबाईंले सकाळीच सांगून आली. प्रवासात मादरपाट मळू नये म्हणून श्रीधरनं ते माझ्या चादरीत गुंडाळलं. म्हणजे वरून दिसते ती माझीच. विहीणबाई गाडी हलेपर्यंत त्या गाठोड्याकडेच पाहून राहिल्या होत्या.
जळल्या असतील बिचाऱ्या.