दर रविवारी नेट मान टाकतं

प्रिय ठकू,

चौतीस वर्षं कारखान्यात मशिनं दुरुस्त केलेल्या तुझ्या बापाला महिनाभर एका टीचभर डबीनं नाचवलं. डबी म्हणजे आपला वायफायचा राउटर. सोमवार ते शनिवार नेट घोड्यासारखं पळायचं आणि रविवारी तुझा व्हिडिओ कॉल आला की बरोबर मान टाकायचं. तुझं चित्र थिजायचं, आवाज विहिरीतून आल्यासारखा. मोबाईलला तर आपल्या घरात रेंजच नाही. आई मात्र खिडकीकडे तोंड करून शांतपणे म्हणायची, "राहू दे, आवाजावरच बोलते मी." तिच्या त्या शांतपणाचाही मला संताप यायचा.

काय काय केलं मी! शेजारी चोरून वापरत असतील म्हणून पासवर्ड बदलला आणि तो स्वतःच विसरलो. वायर नवी आणली. कॉलच्या वेळी टीव्ही बंद ठेवला. कॉल संपल्यावर आतल्या खोलीत जाऊन बघावं, तर राउटर कपाटावर दिवे लुकलुकवत साळसूद बसलेला. रेंजसाठी फाटकाशी उभं राहून कंपनीला नऊ फोन केले. दर वेळी वीस मिनिटं पिपाणी ऐकायची आणि शेवटी कुणीतरी विचारणार, "सर, एकदा बंद करून चालू करून बघितलंत का?" अगं, बिघाड न शोधता नुसतं बटण दाबायला मी काय लिफ्टमन आहे? नवव्या फोनला मी असा ओरडलो की वरच्या मजल्यावरच्या वहिनी खाली धावत आल्या. म्हटलं, रविवारी, पोरीच्या कॉलच्या वेळेला, तुमचा माणूस माझ्या घरात उभा पाहिजे.

आला. माझ्याच वयाकडे झुकलेला, कमी बोलणारा. त्यानं बाहेरच्या खोलीत स्पीड मोजला, तर नेट अगदीच रडतखडत. "साहेब, राउटर कुठंय?" मी ऐटीत कपाटाच्या माथ्याकडे बोट दाखवलं. तिथं काहीच नव्हतं. वायर कपाटाच्या दाराच्या फटीतून आत गेली होती. त्यानं दार उघडलं, तर लोखंडी कपाटात, माझ्या स्वेटरांच्या घडीत राउटर दडवलेला! तो म्हणाला, "लाइनला काही झालेलं नाही. लोखंडात कोंडलं तर कुठलं नेट बाहेर येईल?" मी काही बोलणार, तेवढ्यात मागून आई म्हणाली, "मीच ठेवते." मी केस विंचरून येते, असं म्हणून दर रविवारी ती आत जायची ना, ते ह्यासाठी. आणि कॉल संपला की माझ्याआधी आत जाऊन तो परत वर ठेवायची.

तो बिचारा खाली मान घालून निघून गेला. मग मी जो भडकलो! महिनाभर नको त्या लोकांना शिव्या घातल्या, म्हणून तर चिडलोच. पण त्याहून जास्त, ती मला रोज "येत्या रविवारी मीच सांगते तिला" म्हणत होती आणि मी मुकाट ऐकत होतो, म्हणून.

तर मीच सांगतो. गेल्या महिन्यात एका सकाळी आई उठली ती तोंडाची उजवी बाजू लुळी पडूनच. डोळा मिटेना, चूळ भरली तर पाणी ओघळायचं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची एक नस सुजलीय, बहुतेक पूर्ण बरं होईल. पण गोळ्यांबरोबर रोज आरशासमोर व्यायाम करायला हवा. आणि ती आरशासमोर उभीच राहत नाही. तुला कळलं तर नवी नोकरी टाकून धावत येशील, म्हणून लपवते असं म्हणते. खोटं. तुझ्यापुढे ह्या तोंडानं बसायची तिला लाज वाटते. अठ्ठावीस वर्षं शाळेत पोरांना "मान वर करून बोला" म्हणणारी बाई! फोनवर सांगणार नाही, अशी शपथ तिनं मला घातलीय. पत्राचं तिला सुचलं नाही. धावत येऊ नकोस. रविवारी फोन कर, रडू नकोस, आणि तिला म्हण, आई, माझ्याकडे बघ, आपण दोघी मिळून व्यायाम करू. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. नेटची काळजी करू नकोस. कपाटाला कुलूप घातलंय आणि किल्ली माझ्या खिशात आहे.

तुझाच, अजून धुमसत असलेला,
बाबा